दोर कुणी सोडला?

ज्यूल व्हर्न आमच्या पिढीला भेटला तो भा. रा. भागवतांमुळे. पण त्याची 'दोन वर्षांची सुट्टी' ही कादंबरी माझ्या हाती पडली फार उशिरा, भाचीला वाचून दाखवायच्या निमित्तानं. मूळ फ्रेंच पुस्तक 1888चं. ऑकलंडच्या एका निवासी शाळेतली मुलं सुट्टीत समुद्रसफरीला जायची असतात. आदल्या रात्रीच ती जहाजावर येऊन झोपतात. खलाशी किनाऱ्यावर, आणि जहाजाचा दोर सुटतो. 8 ते 14 वर्षांची 15 मुलं पॅसिफिकमध्ये वाहत जाऊन एका निर्जन बेटाला लागतात.

भाचीला गुहेतलं घर आवडलं, मुलं सील मारून दिव्यासाठी तेल काढतात ते आवडलं. मला आवडलं ते त्यांचं भांडण. फ्रेंच ब्रियां आणि इंग्रज डॉनिफन यांचं जराही पटत नाही. मुलं मतदान करून प्रमुख निवडतात, पण मोको हा हरकाम्या पोरगा काळा म्हणून त्याला मत नाही, आणि याचं लेखकाला काही वाटत नाही. (भाचीला वाटलं. तिनं मला तिथंच थांबवलं.) ब्रियां निवडून आल्यावर डॉनिफन तिघांना घेऊन वेगळा निघतो. पुढं जग्वार डॉनिफनवर झडप घालतो तेव्हा त्याला वाचवायला धावतो तो ब्रियांच. मैत्री त्यानंतर होते. आधी नुसतं एकाच बेटावर असणं असतं.

पण माझी झोप उडवली ती ब्रियांच्या धाकट्या भावानं, जाकनं. एकेकाळचा खोडकर पोरगा बेटावर गप्प गप्प असतो आणि धोक्याचं काम निघालं की सगळ्यांत आधी पुढं होतो. कारण खूप नंतर कळतं: दोर त्यानंच सोडलेला असतो. गंमत म्हणून. माणूस उचलू शकेल असा प्रचंड पतंग करून कुणीतरी वर जाऊन टेहळणी करायची ठरते, तेव्हा तो म्हणतो, मी जातो; आणि सगळ्यांसमोर सांगून टाकतो.

हे वाचताना माझा आवाज अडकला. भाची म्हणाली, "मामा, पुढं?"

अकरावीत आम्ही चौघं जुलैत लोणावळ्याहून राजमाचीला निघालो होतो. उशिरा निघालो, धुक्यात वाट चुकलो, अंधार झाला. टॉर्च माझ्याकडं होती. ती लागेना. "पावसानं सेल भिजले," मी म्हणालो. सेल भिजले नव्हते. आदल्या रात्री मॅचची कॉमेंट्री ऐकायला मी ते काढून ट्रान्झिस्टरमध्ये घातले होते आणि परत घालायला विसरलो होतो. त्या अंधारात एकजण निसरड्या दगडावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. बाकी दोघांनी पंचाचा झोळणा करून त्याचा हात गळ्यात बांधला. त्याची सॅक मी उचलली, उधेवाडीपर्यंत. नंतर कित्येक वर्षं त्याची कामं मी न सांगता करत आलो. "किती करतोस रे माझ्यासाठी," असं तो म्हणायचा तेव्हा मी विषय बदलायचो.

संघभावना म्हणून आपण जे मिरवतो, त्यात अशी फेड किती असते कोण जाणे. जाकचा धाडसीपणा इतर मुलांना धाडसच वाटत होता. सांगितल्यावर त्यांनी त्याला माफ केलं, पण त्यासाठी आधी त्यांना कळावं तर लागलं.

पुस्तक संपलं त्या रात्री मी मित्राला फोन केला. सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पावसाळ्यात अजून दुखतं ते."

मी म्हणालो, "माहितीये."

"त्या दोघांना सांगितलंस?"

"नाही."

"त्यांनाही सांग. त्या रात्री ते तुलाच धीर देत होते. तू रडत होतास म्हणून."

हे मी साफ विसरलो होतो. आता दोन फोन बाकी आहेत. भाचीनं विचारलंय की जाक शेवटी पतंगावरून वर गेला का. नाही, ब्रियां गेला. त्यानं भावाला बाजूला केलं आणि स्वतः बसला. दोर खाली बाकीच्यांनी धरला होता.