आधी मोबाइल काढ

जाळं ओढायला लागलो तेव्हाच कळलं, हे वजन नेहमीचं नाही. फेब्रुवारीतली पहाट, हर्णैसमोर पंधरा वाव पाणी. वाकून पाहिलं तर काळपट पाठीवर पांढरे ठिपके. बहिरी! म्हणजे व्हेल शार्क, आमच्या बोटीच्या निम्म्याहून लांब. शेपटीला जाळ्याचे वेढे बसलेले. तो वळेल तसे ते आणखी आवळत होते.

हा मासा पाण्यातलं बारीक प्लवक गाळून खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. 2001पासून तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. हे मला ठाऊक होतं. तरी सुरी हातात घेतल्यावर डोळ्यांपुढे उभं राहिलं ते जाळ्याचं कर्ज. बोटीचे तांडेल माझे काका. ते म्हणाले, "आधी मोबाइल काढ. मग काप."

मोबाइल खलाशाकडे दिला आणि कापायला लागलो. जाळ्याचा तंगूस ओला, ताणलेला. शेपटीचा एक फटका बसला असता तर हातच गेला असता. शेवटचा वेढा तुटला तेव्हा तो तसाच तरंगत राहिला. आमचा श्वास अडकला. मग हळूच खाली गेला. मधल्या जाळ्याच्या पार चिंध्या झाल्या होत्या.

संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यायची, असं राज्य सरकारने डिसेंबर 2018मध्ये ठरवलं. ही योजना मला मनापासून पटते. तोवर कायदा आमच्याशी दंडाच्याच भाषेत बोलायचा. इथे त्याने आमचं नुकसान मोजलं. पण माझा अर्ज एकदा परत आला: फोटो अस्पष्ट. हलत्या बोटीवर, पहाटेच्या उजेडात कसला स्पष्ट फोटो निघणार? खलाशाने व्हिडिओ घेतला होता म्हणून निभावलं. पैसे हाती आले तेव्हा 1 जूनची पावसाळी बंदी तोंडावर आली होती. हंगाम उसन्या जाळ्यावर काढला.

आणि त्याच हंगामात रात्री क्षितिजावर एलईडीचे झोत दिसायचे. एलईडी दिव्यांवरची मासेमारी केंद्र सरकारने 2017मध्येच बंद केली आहे. आमच्याकडून जेवढा चोख पुरावा मागितला, तेवढीच चोख गस्त त्या दिव्यांवर हवी.

तोवर दर्यावरच्या भावांनो, सुरीशेजारी चार्ज केलेला मोबाइल ठेवा. पहिला वेढा कापण्याआधी व्हिडिओ सुरू करा.