एकशे सहा घोड्यांचा खरारा

खंडेनवमीला आपल्याकडे गाड्यांचे काय कौतुक होते ते वाचकांना मी वेगळे सांगायला नको. पहाटेपासून गल्लोगल्ली पाण्याच्या बादल्या, झेंडूच्या माळा, बॉनेटवर हळदकुंकू आणि चाकाखाली लिंबू. त्या दिवशी पन्नास हजारांची स्कूटर आणि पन्नास लाखांची मोटार एकाच मानाने नटते. पूजा मात्र वर्षातून एकदाच असते. घरी घोडा बाळगणारी जुनी माणसे दसऱ्याला घोड्यावर झूल घालीत, पण घोडा खरा ओळखत असे तो रोज पहाटे खरारा करणाऱ्या हाताला. माझ्या दारात एकशे सहा घोडे आहेत आणि गेली चौदा-पंधरा वर्षे त्यांचा खरारा माझ्या संसाराच्या हिशेबात बसला आहे.

हे घोडे अर्थात पत्र्याच्या आत आहेत. २००२ सालची होंडा सिटी, दीड लिटरचे इंजिन, सोळा व्हॉल्व्ह आणि ताकद १०६ अश्वशक्ती. आजच्या पोरांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण ज्यांनी मारुती ८०० मध्ये सहकुटुंब आंबोली चढली आहे, आणि चाळिशीच्या आतबाहेरच्या ताकदीने ती कशी धापा टाकते हे ऐकले आहे, त्यांना त्याचा अर्थ कळेल. १९९८ मध्ये ही सिटी आपल्या देशात आली आणि २००० च्या सुमारास तिला 'व्हीटेक' जातीचे हे इंजिन मिळाले. २००३ मध्ये नवा अवतार आला आणि या रूपातली गाडी बंद झाली. म्हणजे हे इंजिन या रूपात उणीपुरी तीन-चार वर्षेच विकले गेले. त्या दिवसांत मी सहशिक्षक होतो आणि माझ्याकडे सायकल होती. एका डॉक्टरांची सिटी शाळेसमोरच्या चढावरून जाई, तेव्हा तिचा आवाज मध्येच पालटे. तानपुरा जुळता जुळता एकदम षड्ज लागावा तसे काहीसे होई, आणि फळ्याकडे वळलेला माझा हात क्षणभर थांबे. २०११ मध्ये ते डॉक्टर मुलाकडे पुण्याला निघाले आणि गाडी माझ्याकडे आली. किंमत एक लाख साठ हजार. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढताना आमच्या सौभाग्यवतींनी सही केली, पण शेजारणीला म्हणाल्या, "सवत आणूलालेत!"

तो आवाज का पालटतो, हे मला पुढे उस्तादांनी हेड उघडून दाखवले. इंजिनाला श्वास घ्यायला व्हॉल्व्ह असतात आणि ते उघडतात कॅमच्या उंचवट्याने. सावकाश चालताना थोडा श्वास पुरतो, पळताना छाती भरून लागतो. साध्या इंजिनाला या दोहोंच्या मधला एकच उंचवटा देऊन भागवतात. या इंजिनात दोन जातींचे उंचवटे शेजारी शेजारी आहेत. फेरे साडेचार-पाच हजारांच्या पुढे गेले की तेलाच्या दाबाने एक बारीक पिन सरकते, रॉकर एकमेकांना जखडले जातात आणि सगळे मिळून मोठ्या उंचवट्याचे ऐकू लागतात. एवढीच ती जादू. होंडाने ती १९८९ साली इंटेग्रा मोटारीत प्रथम आणली, तेव्हा १.६ लिटरच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती निघाली होती. दमडीएवढ्या पिनेवर केवढी ही श्रीमंती! आणि ती सगळी तेलावर अवलंबून. तेल काळे झाले, गाळ धरला, की पिन अडते आणि गाडी निमूट साधी होऊन जाते. तक्रार करीत नाही, फक्त गायची थांबते.

या कारखान्याचा मूळ पुरुष सोइचिरो होंडा. जन्म १९०६, बाप लोहार आणि पुढे सायकली दुरुस्त करणारा. पोरगा १९२२ मध्ये टोकियोच्या एका गॅरेजात उमेदवारीला राहिला. पुढे पिस्टन रिंगा जमेनात, तेव्हा धातूंचे शास्त्र शिकायला तिशीत हामामात्सुच्या तंत्रशाळेत जाऊन बसला. हवे ते शिकला, परीक्षांना बसला नाही, आणि प्रमाणपत्र काही मिळाले नाही. मुख्याध्यापक म्हणून ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना जरा जपूनच सांगतो! महायुद्धानंतर १९४६ मध्ये त्याने लष्कराची उरलेली छोटी इंजिने सायकलींना जोडली आणि १९४८ मध्ये कंपनी उभी केली.

ही हकीकत वाचताना बेळगावकराला आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जन्म १८६९, गाव याच जिल्ह्यातले गुर्लहोसूर. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यातून कडबा कापायची यंत्रे निघाली, लोखंडी नांगर निघाला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. दोन देश, दोन भाषा, मध्ये अर्ध्या शतकाचे अंतर, पण सुरुवात सायकलीच्या साखळीपासून. उघडून पाहायचे, तेल लागलेल्या हातांनी समजून घ्यायचे, मग नवे करायचे. आजही उद्यमबागेत फेरी मारली तर फौंड्रीच्या धगीत आणि लेथच्या घरघरीत ती परंपरा कानी पडते.

माझे उस्तादही त्याच परंपरेतले. गॅरेज म्हणजे एक चिंचेचे झाड, वर पत्रे आणि खाली काळी झालेली जमीन. घरी दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी, सुटे भाग विकणाऱ्याशी कानडी आणि इंजिनाशी मौन, अशा चार भाषा त्यांना येतात. बॉनेट उघडले की ते आधी हत्यार घेत नाहीत. डोळे मिटून कान लावतात. "सर, गाडी बोलती. आपण मधी बोलायचं नाही," हे मला मिळालेले पहिले शिक्षण. पहिल्याच तपासणीनंतर तिथे बसलेल्या एका ट्रकवाल्याला ते म्हणाले, "इंजिन चलो ऐत्रि." तेवढ्या तीन शब्दांवर मी अनेक वर्षे गाडी चालवली आहे.

जुनी गाडी सांभाळणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला पटकन सांगता येत नाही. मोठे मोडते क्वचित. म्हातारे होते ते रबर. इंजिनाचे माउंटिंग बसते आणि लाल दिव्याला उभे असताना स्टिअरिंग थरथरते. रेडिएटरच्या नळ्या फुगतात. आपल्याकडचा पाऊस मागच्या चाकांच्या कमानीत मुक्कामाला येतो आणि गंज सोडून जातो, म्हणून दर मे महिन्यात खालून पत्रा खरवडून रंग द्यायचा. टायमिंग बेल्ट हा तर जिवाचा दोर. तो तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, म्हणून मैलांची वाट न पाहता दर पाच वर्षांनी बदलायचा, आणि त्याच्या मागे दडलेला पाण्याचा पंपही त्याच वेळी बदलायचा. एकदा एका दुकानातून आलेला बेल्ट उस्तादांनी नुसता बोटांनी वाकवून परत पाठवला. छापील डबा अस्सल होता, आतला माल नव्हता. अस्सल भाग कधी कोल्हापुरात मिळतो, कधी पुण्यात, कधी कुर्ल्याच्या जुन्या बाजारातल्या एखाद्या मोडीत निघालेल्या सिटीच्या पोटात. डिस्ट्रिब्यूटर मिळवायला मला सात महिने लागले. तेवढ्या वेळात आमच्या शाळेला विज्ञानाचा शिक्षकही मिळाला नव्हता, म्हणून मला त्याचे फारसे नवल वाटले नाही.

या सगळ्याची नोंद मी हजेरीपुस्तकासारख्या एका वहीत ठेवतो. तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. पुण्यात नोकरी करणारी आमची कन्या हिशेबाला पक्की. गेल्या उन्हाळ्यात तिने वहीची बेरीज केली. चार लाख बारा हजार. "बाबा, एक लाख साठ हजारांच्या गाडीवर चार लाख? यात नवी छोटी गाडी आली असती." बेरीज बरोबर होती. मी म्हणालो, "नवी गाडी आली असती, पण वही राहिली नसती." ती हसली. पण तिचा प्रश्न हसून संपण्यासारखा नव्हता.

कारण दिवस बदलले आहेत, आणि त्यांचेही म्हणणे खोटे नाही. मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २०१७ मध्ये मी ६०० रुपये भरले. एप्रिल २०२२ पासून ते शुल्क ५,००० झाले आणि त्याच जूनमध्ये माझी पाळी होती. ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० झाले, हरित कर वेगळाच. २०२७ च्या पाळीला ते भरायचे. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हे माझ्या दम्याच्या विद्यार्थ्यांकडे पाहिले की मलाही पटते, म्हणून दर वेळी धुराच्या तपासणीचा कागद हातात पडेपर्यंत मी निकालाच्या दिवशीच्या पालकासारखा उभा असतो. शिवाय पेट्रोलही बदलले. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि पाणी ओढून घेते. गंमत अशी, की हे इथेनॉल आपल्याच जिल्ह्याच्या उसातून निघते. ज्या उसावर माझ्या अर्ध्याअधिक विद्यार्थ्यांची फी भरली जाते, त्यावर रागवायचे कसे? मी इंधनाच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या बसवून घेतल्या आणि वहीत आणखी एक ओळ वाढवली.

पण पैसा आणि नियम यांहून मोठी काळजी निराळीच होती. उस्तादांना ऐकू येईनासे झाले. चाळीस वर्षे इंजिनाला लावलेला कान हळूहळू मिटत गेला. ते बोलले काहीच नाहीत. मला कळले ते एवढ्यावरून, की हल्ली ते व्हॉल्व्ह कव्हरवर तळहात ठेवून डोळे मिटत. त्यांची दोन्ही मुले आखातात. गॅरेजवर उरला होता एक पोरगा. आमच्याच शाळेतून नववीनंतर गेलेला. वर्गात चाळीस मिनिटे एका जागी बसला असेल असे कोणाही शिक्षकाला आठवत नाही. मला पाहिले की तो गाडीखाली सरपटत जाई. गाडी विकायची की ठेवायची, हा माझ्यापुढचा प्रश्न खरे तर हा होता: उस्तादांनंतर हिचे बोलणे समजणार कोणाला?

यंदाच्या मे महिन्यात व्हॉल्व्हची टिकटिक वाढली. सोळा टॅपेट सेट करायचे काम. इंजिन पार थंड हवे, म्हणून सकाळी सहाला गाडी नेली. फट असते मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, आणि ती मोजायची पोलादाच्या पातळ पात्यांनी. पाते सैल गेले तर आवाज राहतो, आवळून गेले तर व्हॉल्व्ह जळतो. मधला जो ओढा असतो, लोण्यातून सुरी ओढल्यासारखा, तो पुस्तकात छापता येत नाही. उस्तादांनी पात्यांचा जुडगा खिशातून काढला आणि पोराच्या हातात दिला. स्वतः चिंचेला टेकून बसले. मी शेजारी स्टुलावर.

पोराने पहिला सिलिंडर वर आणला, पाते सरकवले, स्क्रू फिरवला, नट आवळला, पुन्हा पाते सरकवले. नट आवळताना फट बदलते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी तो उस्तादांचे बोट धरून पात्यावर ठेवी आणि ते मान हलवत. कधी आडवी, कधी उभी. शब्द नाही. सहाव्या व्हॉल्व्हनंतर आडवी मान बंद झाली. दहाव्यानंतर उस्तादांनी हात मागे घेतला. मी घड्याळ पाहिले. पोरगा दोन तास चाळीस मिनिटे जागचा हलला नव्हता.

इंजिन चालू केले. तो वाकला आणि कान लावला. मग उभा राहून माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सर, तिसऱ्यात थोडा आवाज हाय. परत उघडूया." मला काही ऐकू आले नव्हते. उस्तादांना येणे शक्यच नव्हते. त्यांनी कव्हरवर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि उभी मान हलवली. उघडले तर तिसऱ्या सिलिंडरचा एक नट केसभर सैल.

दुपारी आम्ही तिघे चोर्ल्याच्या रस्त्याला गेलो. चढावर दुसरा गिअर, काटा पाच हजारांच्या पुढे, आणि तो आवाज स्वच्छ पालटला. मागच्या सीटवरून पोराने उस्तादांच्या गुडघ्यावर दोन बोटे वाजवली, लागला म्हणून. उस्ताद खिडकीबाहेर दरीकडे पाहत होते. त्यांनी मान वळवली नाही, पण हसले.

कन्येला मी फोनवर एवढेच सांगितले, की २०२७ चे दहा हजार आतापासून बाजूला काढले आहेत. पोरगा या वर्षी बाहेरून दहावीला बसतो आहे. आयटीआयला तेवढे लागते. रोज संध्याकाळी तो माझ्याकडे गणिताला येतो आणि येताना गाडीचे बॉनेट एकदा उघडून तेलाची काडी पाहतो. खर्चाच्या वहीत मेच्या त्या कामाची नोंद मी त्यालाच करायला लावली. तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. अक्षर वाईट आहे. पण काम करणाऱ्याचे नाव लिहायचा रकाना त्या वहीत नव्हता, तो त्याने स्वतः पट्टीने आखला. वर एक ओळ उस्तादांसाठी सोडली आणि खाली आपले नाव घातले.