ब्रेक दाबला की दिवे जातात

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाकून काम करायचं नाही म्हणून बजावलं. ट्रॉलीचं वायरिंग न वाकता कसं होणार? ऐन गाळपात मी दुकानाच्या दारात खुर्चीवर, आणि आयटीआय करून आलेला हाताखालचा पोरगा ट्रॉलीखाली, असं पहिल्यांदाच झालं. आयुष्यभर हातानं केलं ते तोंडानं सांगायची वेळ आली. सांगता सांगता मी फिरून एकाच ठिकाणी येत होतो. ट्रॉलीचं अर्थिंग.

वसमत भागात माझ्याकडे येतात त्या ट्रॉल्या दोन कामांच्या. थंडीत उसाच्या, ‘पूर्णा’ किंवा ‘टोकाई’ कारखान्याकडे जाणाऱ्या. होळीनंतर हळदीच्या, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात जाणाऱ्या. दोन्ही रात्रीच्या वाटेवर, आणि तक्रार तीच: “उस्ताद, लाईट लावली की मागचं लाल दिसतंय. ब्रेक मारला की सगळंच जातंय.”

बल्ब चांगला, फ्यूज चांगला, सॉकेटला करंट आहे. नवखा माणूस इथं बल्ब बदलतो, मग होल्डर बदलतो, मग गिऱ्हाइकाला पिटाळतो. खरा प्रकार असा की ट्रॉलीच्या करंटला बॅटरीकडे परत जायला वाट उरलेली नसते. मागचा बल्ब दोन तारांचा, एकवीस वॅटची ब्रेकची आणि पाच वॅटची टेलची. दोन्हींचं अर्थिंग ट्रॉलीच्या सांगाड्यावर. तो सांगाडा हेडपासून, म्हणजे ट्रॅक्टरपासून, तुटला की टेलचा करंट ब्रेकच्या तारेतून उलटा शिरतो आणि ट्रॅक्टरच्या ब्रेकलाईटमधून घर गाठतो. म्हणून टेल जळतो आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. ब्रेक दाबला की त्या तारेतूनही बाराच व्होल्ट येतात. दोन्हीकडून सारखा दाब, करंटला जायला जागाच नाही. ट्रॉलीला इंडिकेटर जोडलेले नसले तर मागं ठार अंधार होतो. जोडलेले असले तर तेही मिणमिणतात. आणि दिवसा, लाईट बंद असताना, ब्रेकवर पाय ठेवला की ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या मीटरमधला दिवा हळूच उजळतो. तो दिवा बघून मी खाली न उतरता खराबी सांगत असे.

मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा विचार करा. औंढ्याच्या रस्त्यावर धुक्यात त्याला लांबून लाल ठिपका दिसतोय. ट्रॅक्टर थांबायला लागतो, आणि नेमका त्याच घटकेला ठिपका नाहीसा होतो. त्याला वाटतं, पुढची गाडी वळली असेल. या एका विचारानं मला झोप लागत नाही.

हे अर्थिंग जातं कुठं? हूकातून. बहुतेक ट्रॉल्यांना अर्थिंगची वेगळी वायर नसते, हूकाच्या पिनेवर सगळा भरवसा. भरलेली ट्रॉली दांडीला ओढ देते, पिन हूकावर घट्ट बसते, दिवे झक्क लागतात. रिकामी ट्रॉली उड्या मारत येते, पिन डुगडुगते, दिवे जातात. म्हणून दुकानात उभी असताना खराबी सापडत नाही. चारचाकी ट्रॉलीचं तर विचारूच नका. हूकाची पिन, दांडीचा सांधा आणि पुढच्या चाकांवरचं गोल फिरतं चक्र, तिन्ही ठिकाणी ग्रीस आणि माती. शिवाय वेल्डिंगवाला सांगाड्यावर जाड रंग मारून देतो, आणि होल्डरचा स्क्रू त्या रंगावरच बसतो.

सिद्धेश्वर धरणावरून एकदा बोटीची छोटी ट्रॉली आली होती. ती तर याहून अवघड. बोट हलकी, हूकावर भारच नाही. बोट उतरवताना मागची चाकं पाण्यात जातात, होल्डरमध्ये पाणी शिरतं, स्क्रूवर हिरवट बुरशी चढते. तापलेल्या बल्बला गार पाणी लागलं की काच तडकते. तिला मी बल्बपासून थेट सॉकेटपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर ओढली आणि सांगितलं, पाण्यात घालण्याआधी प्लग काढत जा. माझ्या कामातलं ते सगळ्यांत स्वच्छ काम, आणि कुणाला दाखवलं नाही याची हुरहुर अजून आहे.

कारण दाखवायची हौस मला फार. यार्डाबाहेर रात्री ट्रॉल्यांची रांग लागलेली असायची. मी ब्रेक दाबून ठेवायला सांगून टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचो, टोक ट्रॉलीच्या सांगाड्याला टेकवायचो, लॅम्प पेटायचा आणि त्यासरशी ट्रॉलीचे दिवेही मिणमिणत लागायचे. भोवतीचे लोक बघत राहायचे. असं का होतं ते मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अर्ध्या जणांनी घरीच वायर ओढली असती, आणि त्या बघण्याला मी मुकलो असतो.

पोरगा टेस्ट लॅम्पला हात लावत नाही. त्याच्याकडे डिजिटल मीटर. आधी तो सॉकेटवर मीटर लावून म्हणायचा, “मामा, बारा व्होल्ट पूर्ण आहेत.” मी म्हणायचो, वायरचा एक केस शिल्लक असला तरी मीटर बारा दाखवणार, कारण मीटर करंट ओढतच नाही. बल्ब ओढतो. मग त्यानं स्वतःच वाट काढली. ब्रेक दाबून ठेवायला सांगितला, आणि मीटरची एक पिन ट्रॉलीच्या सांगाड्यावर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. तिथं शून्याच्या जवळपास हवं, ते कितीतरी वर गेलं. भर दुपारी उन्हात, जिथं माझा लॅम्प पेटला की नाही हे मला तळहात आडवा धरूनही नीट दिसत नव्हतं, तिथं त्याला आकडा मिळाला. मला राग आला आणि बरंही वाटलं.

एलईडी पट्ट्या विकणाऱ्यांवर मात्र माझा राग कायम आहे. करंट कमी लागतो हे खरं, पण खराब अर्थिंगवर ती पट्टी अर्धवट जळत राहते आणि खराबी झाकते. हेडवर हजारोंचा डेक बसवणारे, मागच्या अर्थिंगच्या काळ्या वायरीला नको म्हणणारे मालकही मी रोज बघतो. आणि प्रश्न नुसत्या दिव्यांचा नाही: इथल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. मागचा माल हेडपेक्षा जड, तो ढकलत येतो. शेतात डावा-उजवा ब्रेक वेगळा लागतो म्हणून दोन्ही पॅडलं जोडणारी पट्टी सोडलेली असते, आणि ड्रायव्हर तसाच डांबरीवर येतो. एकच पॅडल दाबलं गेलं तर हेड एका अंगाला ओढतं आणि ट्रॉली चढून येते. ब्रेकलाईटचा स्विच दुसऱ्या पॅडलवर असेल तर मागच्याला काही कळतही नाही. म्हणून दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरची ती पट्टी मी आधी लावून घेतो, वायरिंगचे पैसे नंतर.

आता पोराशी वाद उरलाय तो चारचाकी ट्रॉलीच्या फिरत्या चक्रापाशी. वेगळी वायर तिथून न्यायची कशी? ढील कमी ठेवली तर फडातून वळताना तुटते. जास्त ठेवली तर लोंबते आणि उसाच्या खुंटाला अडकते. मी दांडीखालून रबरी नळीत घालून नेतो. पोरगा म्हणतो, सांगाड्याच्या वरून न्यायची आणि स्प्रिंगला टांगायची. वरून नेली तर मोळ्या चढवताना मजुराचा पाय पडणार, असं माझं म्हणणं. खालून नेली तर चिखलात नळीच कुजते, असं त्याचं. पुढच्या गाळपाला जोडीनं ओढल्या जाणाऱ्या दोन ट्रॉल्या ठरवून ठेवल्यात: पुढची त्याच्या पद्धतीनं, मागची माझ्या.