बरोबरीचे

इंग्रजीतल्या 'पिअर' या शब्दाचे शब्दकोशात दोन अर्थ सापडतात. एक उमराव, दुसरा बरोबरीचा. हे दोघे एकाच शब्दात सुखाने नांदतात याची मला मोठी गंमत वाटली. संगणकवाल्यांनी दुसरा अर्थ उचलला. 'पिअर टू पिअर' म्हणजे बरोबरीच्यांनी आपसांत केलेला व्यवहार.

असल्या आज्ञावली लिहिणाऱ्यांचा 'कोडकॉन' नावाचा मेळावा फेब्रुवारी २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरला. भरवणारे ब्रॅम कोहेन आणि लेन सॅसमन हे दोन तरुण. जागा कोणती, तर 'डीएनए लाउंज' नावाचा नाचगाण्याचा क्लब! आपल्याकडे परिसंवाद म्हटला की आधी हार, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय. तिथला नियम असा की बोलणाऱ्याने स्वतः लिहिलेली आज्ञावली चालवून दाखवायची. नुसत्या कल्पनेला जागा नाही. माझे वडील गवंडी आहेत. त्यांना हा नियम सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मग त्यात नवीन काय? तोंडाने भिंत चढते होय?"

कोहेनने तिथे 'बिटटोरंट' दाखवले. एकाच ठिकाणाहून हजारो जण मोठी फाइल मागू लागले की ते ठिकाण गुदमरते. म्हणून त्याने फाइलीचे तुकडे केले. माझ्याकडे तिसरा तुकडा आला की मी तो तुम्हाला द्यायचा, तुमचा सातवा मी घ्यायचा. घेणारे वाढले की देणारेही वाढतात. जो हात आखडतो त्याला मिळतेही कमी.

हे वाचले आणि मनात आले, अरे, ही तर सावड! आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पण सावडीचे मी फार कौतुक करणार नाही. आजीच्या काळी आमची दोन एकर कोरडवाहू होती आणि आम्हाला सावड मिळत नसे. एक तर बैल नव्हते. दुसरेही कारण होते, ते लिहायला नको, वाचणाऱ्याला कळते. कोण कुणाच्या सावडीत जाईल हे गावात पेरणीच्या कितीतरी आधी ठरलेले असे.

म्हणूनच मला बिटटोरंटमधली परीक्षा विशेष वाटली. अनोळखी माणसाने दिलेला तुकडा खरा कशावरून? तर प्रत्येक तुकड्यावरून गणिताने काढलेला २० बाइटांचा ठसा मूळ यादीत आधीच नोंदवलेला असतो. तुकडा आला की ठसा पुन्हा काढायचा. जुळला तर ठेवायचा, नाही तर टाकून द्यायचा. देणाऱ्याचे आडनाव कुणी विचारत नाही. सॅसमन तर 'मिक्समास्टर' या व्यवस्थेवर काम करी. पत्र पोहोचावे, पण कुणी पाठवले ते वाटेत कुणाला कळू नये अशी ती व्यवस्था. २०११ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी तो गेला.

सगळे गोड आहे असे मात्र नाही. या सोयीवर चोरीचे सिनेमेही पुष्कळ फिरले. पूर्ण बरोबरीही तिथे नव्हती. कोण कोण देवाणघेवाणीत आहे हे सांगणारा 'ट्रॅकर' तेव्हा मध्ये लागेच. पण माल त्याच्याकडे नसे. 'नॅपस्टर'कडेही गाणी नव्हती, फक्त कुणाकडे कोणते गाणे आहे याची यादी होती. २००१ मध्ये न्यायालयाचा हुकूम आला, यादी बंद झाली आणि सारा व्यवहार थांबला.

वाचताना एक शंका मला सारखी छळत होती. दिल्याशिवाय मिळत नाही, तर ज्याच्याकडे एकही तुकडा नाही त्याने सुरुवात कशी करायची? तिथे नुकताच आलेला, रिकाम्या हातांचा? कोहेनने त्याचाही विचार केला होता. दर ३० सेकंदांनी प्रत्येक संगणक कुणा एकाला, त्याने काही दिले की नाही हे न पाहता, देऊन बघतो. नव्याचे खाते तिथून उघडते.

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढले नव्हते. पहिल्या वर्षी, दुसऱ्याच आठवड्यात, शेजारच्या बाकावरच्या मुलीने अर्थशास्त्राची वही न मागता माझ्यापुढे सरकवली. माझ्याकडे तिला देण्याजोगे काही नव्हते. दिवाळीनंतर तिने माझी मराठीची वही मागून नेली.