उपकाराची फेड कुणाकडे?

ज्यांनी मला शिकतं केलं त्यांच्यापैकी एकाचीही परतफेड माझ्याकडून झालेली नाही, आणि ती व्हायला हवी असं आता मला वाटतही नाही. आपल्याकडे कृतज्ञता म्हटली की नजर वर जाते: गुरुपौर्णिमेला शाल-श्रीफळ, निवृत्तीच्या समारंभात हार, पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत दोन ओळी. यात गैर काही नाही. पण ज्याने हात दिला त्याला तेव्हा आपल्याकडून काही नको होतं आणि आजही नको असतं. त्यालाच परत करायचं असा हट्ट धरला, तर घेणारा एकतर जन्मभर मिंधा राहतो किंवा नारळ हाती देऊन मोकळा होतो. दोन्हीकडे मदतीचा प्रवास तिथेच खुंटतो. मार्गदर्शकाचं ऋण फिटतं ते आपल्या मागून येणाऱ्याकडे, असं माझं मत बनत गेलं आहे.

याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात सापडतो. 1907 साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्दही टाकला. 1913 साली बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली: तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड. करार असा, की शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करायची. म्हणजे फेड देणाऱ्यालाच, आणि तीही कागदावर लिहून घेतलेली. ते 1917 साली बडोद्यात रुजू झाले, पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. कचेरीतले शिपाईसुद्धा विटाळ नको म्हणून फायली लांबून टाकत. करारातली फेड समाजानेच होऊ दिली नाही. मग ती झाली कुठे? पीपल्स एज्युकेशन सोसायटी 1945 साली उभी राहिली, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं, 1950 साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झालं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर मिलिंदमधून बाहेर पडला. केळुसकरांनी टाकलेल्या एका शब्दाचं व्याज त्या पोरांना मिळालं.

यावर कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसाचं उदाहरण आम्हाला काय कामाचं? आम्ही कुठे कॉलेजं काढणार? पण केळुसकरांनी तरी कुठे कॉलेज काढलं होतं? त्यांनी एक पुस्तक दिलं आणि एक ओळख करून दिली. मलाही ज्या मदतीने तारलं ती याच आकाराची होती, आणि मी पुढे देऊ शकतो तीही याच आकाराची आहे. घरात पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बुद्धी कमी पडत नाही, माहिती कमी पडते. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला मुदतीतला लागतो, बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं, जात वैधता प्रमाणपत्रासाठी बारावीच्या आधीच धावपळ सुरू करावी लागते. ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे काम झालं नाही, तो कॉलेजकडून पुढे गेला का हे पाहावं लागतं. ज्या घरात वडील-काका शिकलेले आहेत तिथे हे जेवताना कानावर पडतं. बाकीच्यांना ते सांगायला एक वर्ष पुढचा विद्यार्थीही पुरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे सगळं सरकारचं काम. अर्ज सोपे करा, पैसे वेळेवर द्या, मग कुणाच्या मेहेरबानीची गरजच काय? हे मला मान्य आहे, आणि त्यासाठी भांडायलाच हवं. पण सोपा अर्जसुद्धा 'तू हे करू शकशील' असं सांगत नाही. शिवाय भांडण निकाली निघेपर्यंत या वर्षीची अंतिम तारीख थांबत नाही. तिसरा आक्षेप असा, की पुढे देण्याच्या नावाखाली आपण थकलेल्या गुरूंकडे पाठ फिरवतो. तसं होत असेल तर तो कृतघ्नपणाच. म्हाताऱ्या शिक्षकाच्या दवाखान्याची चौकशी करणं हे माणुसकीचं कर्तव्य आहे. ते केलं म्हणून पुढचं देणं माफ होत नाही आणि पुढचं दिलं म्हणून ते चुकत नाही.

राहता राहिली एक अट, आणि ती मला सगळ्यात अवघड वाटते. पुढच्याला दिलेल्या मदतीची वही ठेवायची नाही. 'मी केलं म्हणून तू इथे आहेस' हे वाक्य एकदा तोंडातून गेलं, की आपण मार्गदर्शक उरत नाही, सावकार होतो. ज्याला मदत केली तो नोकरीला लागून फोनही करेनासा झाला, तर मन खट्टू होतंच; पण जाब विचारायचाच असेल तर आपली विचारपूस का केली नाही हा विचारू नये. त्याच्या मागच्याला त्याने काय सांगितलं, एवढंच विचारायचा हक्क आपल्याला आहे.