आत्याबाईंचे दफ्तर

उज्जैनच्या जुन्या शहरातून रेल्वेचा पूल ओलांडून फ्रीगंजात उतरले, की माधव नगरच्या रस्त्यांवर दुतर्फा डॉक्टरांच्या पाट्या लागतात. आणि त्या सावकाश वाचीत गेले म्हणजे ध्यानात येते, की येथे हृदयाचे तज्ज्ञ आहेत, मूत्रपिंडाचे आहेत, मधुमेहाचे, सांध्यांचे, नेत्रपटलाचे आहेत, आणि ज्या विद्येचा अधिकारी येथे राहत नाही तो सुमारे 55 किलोमीटरांवरच्या इंदुराहून ठरल्या वारी येऊन बसतो. शिंदेशाहीत वसलेल्या या भागात एकेकाळी एकाच डॉक्टरच्या ओसरीवर सबंध मोहल्ल्याची दुखणी रुजू होत असत. आजची समृद्धी मी मनापासून मोलाची मानतो, कारण जी दुखणी पूर्वी माणसाला थोडक्या वर्षांत घेऊन जात, त्यांच्यासह आता दीर्घकाळ संसार करता येतो. परंतु आयुष्य वाढले तशा एका देहात नांदणाऱ्या व्याधीही वाढल्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे 10 कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या बाबतीत मधुमेहामागोमाग रक्तदाब, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा ऱ्हास ही मंडळी येऊन ठाकतात.

माझ्या आत्याबाई त्यांतल्याच. त्यांचे सारे दफ्तर एका कापडी पिशवीत असते: चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, अक्षरे उडत चाललेल्या ईसीजीच्या पट्ट्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे, जी त्या नवीन पाकिटाशी रंग जुळवून पाहण्यासाठी जपून ठेवतात. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची एक आणि लघवी वाढवणारी एक अशा गोळ्या दिल्या होत्या, आणि त्या योग्यच होत्या. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी दिली, आणि ज्या बाईला देवघरापर्यंत चालवत नव्हते तिला ती देणे निर्दयपणाचे खासच नव्हते. मात्र ती वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी आकसवते, रक्तदाबाची ती विशिष्ट गोळी गाळणीतून रक्त नेणारी वाहिनी सैल करते, आणि तिसरी गोळी मुळातले पाणीच उणे करते, तेव्हा गाळणीतला दाब उतरतो आणि रक्तातले क्रिएटिनिन चढू लागते. तिन्ही हुकूम आपापल्या कचेरीत निर्दोष होते. जी हानी झाली ती दोन कचेऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत झाली, आणि त्या जागेचा कारभार कोणाकडेच सोपवलेला नव्हता.

ही अडचण केवळ आपल्या गावाची नव्हे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील सिंथिया बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एका कल्पित 79 वर्षांच्या स्त्रीला मधुमेह, रक्तदाब, संधिवात, हाडांचा ठिसूळपणा आणि श्वसनविकार अशा पाच व्याधी योजून प्रत्येकीच्या प्रमाणभूत उपचारसंहितेचे पालन करून पाहिले, तेव्हा तिच्या वाट्याला 12 औषधे आली, आणि पथ्ये-व्यायामांचा जटिल तपशील निराळा. या निबंधाने मला विचारात पाडले ते असे, की त्या संहिता लिहिणारे अविचारी नव्हते. त्यांनी रोग एकेकटा पाहिला होता इतकेच. चरकाने सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. आज वैद्य अनेक झाले, औषधे तर अगणित झाली, पण परिचारक म्हणजे घरातली सून, मुलगा किंवा भाचा, ज्याने विद्या कधी शिकली नाही, आणि तरीही सर्व वैद्यांच्या हुकुमांचा मेळ बसवण्याचे सर्वांत अवघड काम आपण त्याच्याच गळ्यात घातले आहे. हे मला अन्यायाचे वाटते. प्रत्येक तज्ज्ञाच्या दालनाबाहेर जसा रक्तदाब मोजणारा बसतो, तसा सगळ्या चिठ्ठ्या एकत्र वाचून प्रत्येक गोळीची कैफियत मागणारा जाणता माणूस, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो वा औषधशास्त्री, नेमून, वेतन देऊन बसवला पाहिजे.

आत्याबाईंच्या बाबतीत ते काम अखेर आमच्या मोहल्ल्यातल्या वृद्ध डॉक्टरांनी पत्करले. पिशवी त्यांनी मेजावर उपडी केली, एकाच औषधाची दोन निरनिराळ्या नावांची पाकिटे शेजारी शेजारी मांडली, आणि म्हणाले, “आत्याबाई, ही दोन्ही एकच. आणि ही गुडघ्याची गोळी आजपासून बंद. मी त्या डॉक्टरांशी बोलतो.” नंतर त्यांनी असा एक प्रश्न विचारला, जो एवढ्या दालनांतून कोणी विचारला नव्हता: “उपवास कोणकोणते धरता?”

उज्जैनच्या मराठी घरात या प्रश्नाचे उत्तर लांबलचक असते. उत्तरेचा पौर्णिमान्त श्रावण आपल्या अमान्त श्रावणाच्या पंधरवडाभर आधी लागतो, महाकालाची सवारी दोन्ही श्रावणांचे सोमवार साधीत नगरातून निघते, आणि ज्या मंदिराचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला त्या देवाचा एकही सोमवार आत्याबाई सोडीत नाहीत. दिवसभर निराहार आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, असा त्यांचा शिरस्ता. सकाळची मधुमेहाची गोळी मात्र त्या नेमाने घेत. अशक्त मूत्रपिंडामुळे ती देहात रेंगाळे, साखर घसरे, आणि साखर घसरल्याची धडधड व कंप ही जी सूचना शरीर देते, ती हृदयासाठी दिलेली दुसरी एक गोळी दाबून टाकी. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की धडधडीची वाट पाहू नका, अचानक घाम फुटला तर तेवढाच दाखला पुरे मानून ताबडतोब साखर खा, उपवास असला तरी.

“आणि सोमवार?” आत्याबाईंनी विचारले.

डॉक्टरांनी सोमवार मोडायला सांगितले नाही. त्या दिवशी सकाळची गोळी वगळायची, दुपारी दूध आणि राजगिऱ्याची भाकरी घ्यायची, रात्री साबुदाण्याऐवजी वरी, तीही बेताने, आणि संध्याकाळी बोटाच्या टोकाचे रक्त तपासून आकडा वहीत लिहायचा, असा करार त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर मराठीत लिहून दिला, आणि त्याच्या प्रती हृदयाच्या व मधुमेहाच्या डॉक्टरांकडे धाडल्या. दुपारच्या दुधाबद्दल आत्याबाईंनी बराच वाद घातला. भाकरी चालेल, पण ती सवारी दारावरून गेल्यानंतरच, एवढी एक अट त्यांनी त्या करारात आपल्या हाताने घालून घेतली.