दुधाच्या गावात विदाऊट दूध

कोल्हापुरात दुधाचं वावडं असलेला माणूस शोधून दाखवा! १९६३ साली सुरू झालेल्या इथल्या जिल्हा दूध संघाचं ‘गोकुळ’ मुंबई-पुण्याच्या चहात कधीच जाऊन बसलंय. गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून मिळते. फेसाळ, कोमट, धारोष्ण. तालमीतला पैलवान असो की बँकेतला क्लार्क, वरच्या ओठावर पांढरी मिशी ठरलेली. या गावात ‘मी दूध घेत नाही’ म्हणायचं म्हणजे ‘मला तांबडा रस्सा तिखट लागतो’ म्हणण्यासारखं. लोक आधी तुमच्याकडे बघतात, मग तुमच्या आईवडिलांकडे.

तर अशा गावात, बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मला डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं.

मी पुण्यात आयटीत टेस्टर. डिलिव्हरीसाठी राजारामपुरीत आले. (कोल्हापूरची पोरगी म्हणून खरं तर ‘आलो’ म्हणायला हवं, पण पुण्याने सवय मोडली.) पहिला महिना डिंकाचे लाडू, दुधातली अळिवाची खीर, दुधातून शतावरी अशा थाटात गेला. बाळ फक्त अंगावर पीत होतं. पाचव्या आठवड्यात त्याच्या शीमध्ये शेंबडासारखं काहीतरी चिकट दिसायला लागलं आणि एका सकाळी लंगोटावर एक बारीक लाल धागा. आधी वाटलं, दुपट्याचाच दोरा असेल. दोरा नव्हता.

बाळांच्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं तपासलं. शीच्या जागी चीर नाही, इन्फेक्शन नाही, वजन छान वाढतंय. मग म्हणाले, “गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी असू शकते. असू शकते हं, आहे असं म्हणत नाही.”

फंडा असा आहे. ही ॲलर्जी दुधातल्या साखरेची नव्हे, प्रोटीनची. ‘लॅक्टोज पचत नसेल’ असं हल्ली कुणीही सांगतं. पण लॅक्टोज आईच्या दुधातही भरपूर असतं, १०० मिलिलिटरमध्ये सात ग्रॅमच्या आसपास, आणि आईने काहीही खाल्लं तरी त्यात फरक पडत नाही. इतक्या लहान बाळाला जन्मतःच लॅक्टोज न पचणं फारच दुर्मीळ. भानगड असते केसीन आणि व्हे या प्रोटीनची. आई जे दूध-दही खाते, त्यातलं किंचितसं प्रोटीन तिच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचतं आणि एखाद्या बाळाच्या आतड्याला तेवढंही सोसत नाही.

अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, दूध पोटात गेल्यावर थोड्याच वेळात उलट्या किंवा धाप लागणं हा वेगळाच, तातडीचा प्रकार. तिथे घरी प्रयोग करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. आमचा मामला संथ होता. आणि संथ प्रकाराची गोची म्हणजे तो रक्ताच्या किंवा त्वचेच्या टेस्टमध्ये पकडता येत नाही. टेस्ट एकच. आईने दूध आणि दुधाचं सगळं दोन ते चार आठवडे बंद करायचं, फरक बघायचा, आणि मग परत सुरू करायचं.

“परत?” मी आणि आई एकदमच ओरडलो.

ते नंतरचं. आधी बंद तर करायचं होतं. आज्जीने पहिल्याच दिवशी निकाल दिला, “आईच्या दुधानं लेकराला बाधल्यालं कुठं ऐकलंस व्हय?” शेजारच्या काकींनी शेळीच्या दुधाचा पत्ता आणला. (शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रोटीन गाईच्या दुधासारखीच, त्यामुळे बहुतेक वेळा तीही चालत नाहीत.) नात्यातले एक काका बाळ बघायला आले ते नरसोबाच्या वाडीची बासुंदी घेऊनच, आणि मी वाटी परत केल्यावर त्यांचा चेहरा मला बघवला नाही. आज्जीचं पुढचं म्हणणं, “तूप म्हंजे काय दूध न्हवं.” हे अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. तुपात प्रोटीन जवळजवळ उरत नाही. पण आमच्या टेस्टला ‘जवळजवळ’ परवडणार नव्हतं. तुपाचा डबा वरच्या फळीवर गेला.

दूध लपतं कुठे कुठे, हे तेव्हा कळलं. खारी, टोस्ट, बिस्किटं, चॉकलेट. मिसळीबरोबरच्या स्लाइस ब्रेडवरही संशय. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांमुळे पाकिटावर ॲलर्जीचे घटक छापावे लागतात, म्हणून पाकीटबंद गोष्टींचं एक वेळ निभावलं. बेकरीतल्या सुट्या मालाला कोण लेबल लावणार?

मला वाचवलं आईने. तिने डॉक्टरांशी वाद घातला नाही आणि आज्जीशीही नाही, फक्त मेनू बदलला. अळिवाची खीर नारळाच्या दुधात. पांढरा रस्सा तर मुळात नारळाच्या दुधाचाच, फक्त मटणाला दही लावायचं नाही. बाळाला पाजणाऱ्या बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं आयसीएमआरचं २०२० चं कोष्टक सांगतं. नाचणीत ते १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणून रोज नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, वर डॉक्टरांनी दिलेली गोळी. चहा मात्र कोराच. त्यावर उपाय नाही. कोरा चहा हे औषध आहे, चहा नव्हे, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

माझी एक्सेल शीट तयार होती. तारीख, मी काय खाल्लं, शी, रडणं. आठवड्याभरात धागा गेला. तिसऱ्या आठवड्यात चिकटपणा गेला, रडणंही कमी झालं. घरात दिवाळी! वीकएंडला पुण्याहून आलेल्या नवऱ्याने तर ‘प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड’ म्हणून सगळ्यांना मेसेज टाकून दिले.

पण माझ्या डोक्यातली टेस्टर गप्प बसेना. बहुतेक बाळांचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. शीतले रक्ताचे धागेही कितीदा काही न करता थांबतात. मग गुण दुधाचा की दिवसांचा? आमच्या धंद्यात बग दिसेनासा झाला म्हणजे फिक्स झाला असं कुणी मानत नाही. तीच स्टेप पुन्हा करायची आणि बग रिप्रोड्यूस होतो का बघायचं.

“बरं हाय न्हवं लेकरू? मग कशाला उकरून काढालीस?” ही आज्जी. या वेळी आईही तिच्या बाजूने.

मलाही भीती वाटत होतीच. जाणूनबुजून आपल्या बाळाच्या लंगोटावर रक्त आणायचं? पण टेस्ट न करता सोडलं तर त्याच्या नावापुढे ‘ॲलर्जी’ कायमची चिकटणार. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न त्या हिशेबाने, मी ऑफिसला गेल्यावर डब्यातलं दूध द्यायची वेळ आली तर तेही खास महागडं. हे जगभर होतंय. ब्रिटनमध्ये २००६ ते २०१६ या दहा वर्षांत अशा खास फॉर्म्युल्याची प्रिस्क्रिप्शन्स वर्षाला सुमारे १ लाखावरून ६ लाखांच्या वर गेली, आणि खरोखर ॲलर्जी असलेली बाळं तेवढी वाढल्याचा पुरावा नव्हता. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१८ मध्ये त्यावर लेख छापला, त्यात बोट फॉर्म्युला कंपन्यांच्या वजनाकडेही होतं.

डॉक्टरांना विचारून सोमवार ठरवला. सोमवारी दुधाचा चहा. (काय सांगू!) मंगळवारी चहा आणि वाटीभर दही. काही नाही. बुधवारी आईने शिरा केला, भरपूर तूप घालून, ‘आता कळंलच’ अशा तोऱ्यात. गुरुवारी पहाटे साडेपाचला लंगोट बदलताना धागा दिसला. बारीक, लाल, तसाच.

मी आईला हाक मारली. ती बघून काही बोलली नाही. आज्जीही उठून आली, चष्मा लावून नीट पाहिलं आणि स्वतः स्टूल ओढून तुपाचा डबा परत वरच्या फळीवर ठेवायला निघाली. तिला स्टुलावर चढण्यापासून थांबवणं हेच त्या पहाटेचं सगळ्यात मोठं काम होतं.

बग कन्फर्म. विचित्र वाटेल, पण मला हलकं वाटलं. आता निदान मी विनाकारण कोरा चहा पीत नव्हते.

सव्वीस आठवड्यांची रजा संपवून मी पुण्याला आले. बाळ आता नऊ महिन्यांचं आहे, गुबगुबीत, नाचणीच्या सत्त्वावर जीव टाकणारं. बऱ्याच बाळांची ही संथ ॲलर्जी वर्षाच्या आसपास जाते, म्हणून पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने भाजलेल्या बिस्किटाच्या तुकड्यापासून सुरुवात करायचीय. नीट सोसलं तर हळूहळू वरच्या पायऱ्या, साधं दूध सगळ्यात शेवटी. एक्सेलमध्ये नवी शीट उघडून ठेवलीय.

पाळणाघराच्या फॉर्मवर ‘काही ॲलर्जी?’ असा रकाना होता. मी लिहिलं : दूध व दुधाचे सर्व पदार्थ, तपासून खात्री केलेली. तिथल्या ताईंनी फॉर्म नीट वाचला, मान डोलावली, फाइलला लावला आणि म्हणाल्या, “बरं, वरणभातावर तूप चालतं ना?”